गोजरआक्काच्या हातावरचं नाव

गोजरआक्का माझी थोरली बहीण. तिच्याविषयी लिहावं असं तिनं काही केलं नाही, आणि मला अर्ज आणि खुशालीची पत्रं सोडली तर काही लिहायची सवय नाही. पण तिच्या हाताचं काय झालं हे माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही. गावात वेगळंच काही सांगतात. तेव्हा जमेल तसं लिहितो.

आमचं गाव डोंगरकड्यापासून दोन कोसांवर. आई-वडील लवकर गेले, घरी मी आणि आक्काच. आक्काचं लग्न चौदाव्या वर्षी चार कोसांवरच्या गावात संतरामशी झालं. भावजी मोठे हसरे होते. मराठी दुसरी शिकलेले, त्यामुळे स्वतःला फार विद्वान समजायचे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत त्यांनी कोळशानं आक्काच्या उजव्या हातावर, मनगटापासून वर, आपलं नाव लिहिलं आणि गोंदणाऱ्या बाईला म्हणाले, "ह्याच्यावरूनच सुई फिरव, एक रेघ चुकली तर पैसा देनार न्हाई." घरी आल्यावर जाऊबाईंनी आक्काची खूप थट्टा केली. "तोंडानं तर नाव घेत न्हाईस, आता भाकर थापताना रोज त्यांनाच थापनार व्हय!"

आक्काला वाचता येत नव्हतं. पण कुठलं अक्षर कुठं आहे ते तिला माहीत होतं.

सन त्रेचाळीसच्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. भावजी सकाळी शेतात गेले होते, दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना स्मशानात नेलं. त्यांची पोर शालू तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. आक्का सासरीच राहिली. सासरे चांगले होते, पण दीर-जावेचं घर भरलेलं होतं आणि विधवा बाईचं जेवण सगळ्यांच्या नजरेत येतं. तीन वर्षं तिनं काढली.

आमच्यात बाईचा पाट लावतात, म्हणजे विधवेला दुसरं घर करून देतात. पण बहुतेक वेळा आधीचं लेकरू मागे ठेवावं लागतं. लेकरू बापाच्या घरचं. म्हणून आक्का दोन ठिकाणांना नाही म्हणाली होती. तेवढ्यात डोंगरकड्याच्या तातेरावाचं कळलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, एक बैलजोडी, घरी फक्त आई. मी भेटायला गेलो तेव्हा तो गोठ्यात शेण भरत होता. मी भीत भीत लेकराचं विचारलं. तो हातातली पाटी खाली न ठेवताच म्हणाला, "आनू द्या की. पोरगी काय पोतंभर खाती व्हय?"

मी तिच्या सासरी जाऊन आक्काला हे सांगितलं. ती म्हणाली, "पुन्यांदा सांग, कसं म्हनला?"

तिच्या सासऱ्यांनीही अडवलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, "पाट लागू दे, मग येऊन पोरगी घेऊन जा. तवर ती इथंच राहील. आन् एक ध्यानात ठेव गोजर, पाटासाठी ह्या घराचा उंबरा उतरलीस की परत ह्या घरात सून म्हनून यायचं न्हाई." हाही आमच्याकडचा रिवाजच. आक्का शालूला जावेजवळ ठेवून माझ्या घरी आली. पाट माहेरहून लागतो. दीड-दोन महिन्यांचा प्रश्न होता.

पौषात तातेराव आणि त्याची आई पार्वतीबाई बघायला आले. आक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पार्वतीबाईंनी तिचा हात धरला.

"हे काय गोंदलंय?"

 म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. देवाचं नाव आहे म्हणालो असतो तरी चाललं असतं, तिला वाचता येत नव्हतं. तातेरावाला येत होतं की नाही ते मला माहीत नव्हतं, आणि खोटं उघडं पडेल याची मला भीती वाटली. मी म्हणालो, "नाव हाय. आमच्या भावजीचं."

पार्वतीबाईंनी हात सोडला. "मेल्या मान्साचं नाव घिऊन ही बाई माझ्या चुलीपुढं बसनार? त्या हाताची भाकर माझ्या पोरानं खायाची?"

"आय, ऱ्हाऊ दे की," तातेराव म्हणाला.

"तू गप. तुझी पयली घरात बसलेलीच हाय, पितरपाटाला तिला वेगळं वाढावं लागतं. आता हिचा बी एक घरात घेऊ? चौघं राहनार का त्या दोन खनात?"

तातेरावाला हसू आलं. म्हातारीला नाही आलं.

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "वरून तुळस गोंदून घेऊ की आत्या, झाकून जाईल."

"तुळशीखाली नाव हायेच की. झाकलेलं मला नको. नाव काढा, मग बोलू. फाल्गुनापर्यंत वाट बघते, माझ्या पोराला बी घर पायजे." एवढं बोलून त्या उठल्या. पाणीही प्यायल्या नाहीत.

गोंदलेलं निघत नाही हे कुणालाही ठाऊक असतं. पण बाळापूरच्या बाजारात मिराबाई नावाची एक गोंदणारी बसते, तिनं कळमनुरीकडच्या एका बाईचं गोंदण काढून दिलं, असं कुणीतरी सांगितलं. पुढच्या बाजारी मी गाडी जुंपली.

मिराबाई बाजाराच्या टोकाला लिंबाखाली चटई टाकून बसायची. पन्नाशीची, किरकोळ अंगाची. पुढं काजळाची वाटी, हळदीची पुडी, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया. तिनं आक्काचा हात उलटसुलट करून पाहिला.

"कुनी केलं हे? बराबर केलंय. खोल हाय."

"काढायचं हाय," आक्का म्हणाली.

"माजी सुई घालायला शिकली, काढायला न्हाई. वर मोर काढून दिऊ?"

"मोर नको. तुमी एकीचं काढलं म्हनत्यात."

"ते एक टिपकं व्हतं, हनुवटीवरचं. हे तर हातभर हाय." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी काहून बसलाव? बायांचं काम हाय. जा तिकडं."

गोंदताना पुरुष माणसानं जवळ बसू नये असं आमच्याकडे पाळतात. मी उठून गाडीपाशी गेलो. तिथून बोलणं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. आक्का बराच वेळ बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मिराबाई मान हलवत होती. मग तिनं आक्काला काहीतरी विचारलं, आणि आक्कानं नाही म्हणून मान हलवली. मिराबाईनं पिशवीतून मातीची एक बारीक बुडकुली काढली. मी बैलांना पेंढी टाकायला वळलो.

अर्ध्या-पाऊण तासानं आक्का आली. हातावर हळदीनं पिवळं केलेलं फडकं घट्ट बांधलेलं. कपाळावर घाम होता.

"लय आग व्हती का?"

"न्हाई. गोंदताना व्हती तेवढीच."

"काय म्हनली ती?"

"नाव उतरंल म्हनली. फडकं सोडायचं न्हाई. आन् नाव उतरेस्तोवर हाताला तेल लागू द्यायचं न्हाई. तेल लागलं की गोंदन परत धरतं."

बाजारात तिनं शालूसाठी रेवड्या घेतल्या. आता लवकरच जायचं आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. तिसऱ्या दिवशी बोटं मिटेनात. आमची मंडळी तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आली.

"वन्सं, जरा फडकं सोडा. तेल लावते, निवंल."

"तेल नको म्हनलंय ना."

"अहो, हात बघा की कसा झालाय. खांबावानी."

"हूं दे. आतलं नाव वर येऊन राहिलं म्हनून सुजलंय. आता मधी तेल लावलं तर एवढं सोसलेलं वाया जाईल."

"मग डोंगरकड्याला कुना वैद्याला दाखवू," मी म्हणालो.

"डोंगरकड्याला? म्हातारीच्या कानावर जायाला? उत्तमा, तू गप बस. चार दिस कळ काढली की झालं."

आणि मी गप बसलो. मला तेच जमतं. आक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, आईच्या मागं तिनंच मला वाढवलं, तिचं न ऐकायची मला सवय नव्हती. हे कारण आहे की सबब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाचव्या दिवशी ताप चढला. फडक्याला वास यायला लागला. ती डाव्या हातानं पीठ मळायची आणि सुजलेला उजवा हात पदराखाली ठेवायची. आठव्या दिवशी तापात ती काहीतरी बडबडली, त्यात शालूचं नाव होतं. नवव्या दिवशी मी तिचा हात धरला, मंडळीनं फडकं सोडलं. ते सोडवताना त्याच्याबरोबर कातडी आली. घाणीच्या वासाखाली दुसरा एक वास होता, तो मी लगेच ओळखला. बिब्ब्याचा.

बिब्बा आमच्याकडे घरोघर असतो. पायाच्या भेगांत भरतात, दुखऱ्या जागी टिपका देतात. बहुतेकांना काही होत नाही, पण काहींना तो उततो, अंग फुगतं, फोड येतात. आक्काला तो फार उततो. लहानपणी नुसतं बिब्ब्याच्या झाडाखाली बसल्यानं तिचे डोळे दोन दिवस मिटून गेले होते. आमच्या घरात तेव्हापासून कुणी बिब्बा आणला नव्हता. आणि बिब्बा उतला तर त्यावर तिळाचं तेल लावायचं, हे तर लहान पोरालाही माहीत असतं.

गाडीत घालून तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. दीड दिवस लागला. डॉक्टरनं हात पाहिला आणि माझ्यावर ओरडला, "इतने दिन क्या कर रहे थे तुम लोग?"  हात कापावा लागेल असं पहिल्या दिवशी म्हणाले, मग कापला नाही. बावीस दिवस आम्ही तिथल्या पडवीत राहिलो. रोज सकाळी पट्टी बदलायला आले की आक्का विचारायची, "नाव गेलं का?" पट्टी बांधणाऱ्याला मराठी नीट कळत नव्हतं. तो म्हणायचा, "हाँ हाँ, सब ठीक."

सगळं भरून आलं तेव्हा कातडी आखडली. मनगट आत वळलं, बोटं अर्धी मिटून राहिली, ती परत उघडली नाहीत. कातडी गुलाबी आणि सुरकुतलेली, आणि तिच्यात अक्षरं होती. ताणलेली, वाकडी झालेली, एखाद-दुसरी रेघ पुसलेली, पण होती. मी आक्काला काही सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती.

फाल्गुनात ठरल्याप्रमाणे पार्वतीबाई आल्या. तातेरावही होता. म्हातारीनं हात पाहिला, खाली ठेवला आणि या वेळी आवाज न चढवता बोलली.

"नाव बी गेलं न्हाई आन् हात बी गेला. बाई, मी तुला नाव काढ म्हनलं, हात काढ म्हनलं नव्हतं."

"एका हातानं करते मी, आत्या," आक्का म्हणाली. "दळते, पानी आनते. भाकरी बी जमतील, सवय हून राहिली."

"माझं वय झालं. मला चुलीपुढून उठायचं हाय. तुझं आन् तुझ्या पोरीचं दोघींचं कोन करनार? मीच का?"

 पार्वतीबाई दुष्ट होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही. तातेराव उठताना आक्कापाशी थांबला. "लय तकलीफ हाय का आता?" त्यानं विचारलं. आक्कानं नाही म्हणून मान हलवली. तो गेला. वैशाखात त्यानं दुसरं घर केलं.

मिराबाईला शोधायला मला दोन महिने लागले. ती आता बाळापूरला बसत नव्हती. शेवटी वसमतच्या बाजारात दिसली. मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही, पण त्या दिवशी काठी घेऊन गेलो होतो.

तिनं मला ओळखलं. उठली नाही. "हात कसा हाय?" तिनंच आधी विचारलं.

"हात न्हाई ऱ्हायला. माझ्या भैनीला बिब्बा टोचलास तू."

"व्हय, टोचला. त्याबगैर गोंदन हलत न्हाई. हनुवटीवरचं टिपकं तसंच गेलं व्हतं."

"बिब्बा कुनाला उततो, कुनाला न्हाई, हे तुला माहीत न्हाई?"

"माहीत हाय म्हनून तर इचारलं. दोनदा इचारलं दादा. बाई, बिब्बा उततो का तुला? खरं सांग, उतत असंल तर मी सुई लावनार न्हाई. ती म्हनली, न्हाई. कधीच उतला न्हाई म्हनली. म्हनली, पायाला रोज लावते."

माझ्या हातात काठी होती, ती कुठं ठेवावी मला कळेना. लिंबाखालची ती हललेली मान मी पाहिली होती.

मिराबाई पुढं म्हणाली, "तेल नको ते मी म्हनले, ते माझं चुकलं. पर मला काय ठावं तिला उतला म्हनून? हाताचं कानावर आलं तवापासून माझी सुई बी बाळापूरला गेली न्हाई."

मी तसाच परत आलो. आक्का अंगणात डाव्या हातानं शेंगा निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि मिराबाई काय म्हणाली ते सांगितलं.

ती शेंगा निवडत राहिली. "मग काय सांगायचं व्हतं? उततो म्हनले असते तर तिनं सुई उचलली नसती. म्हातारीनं फाल्गुनापर्यंतच वाट बघितली असती." मग म्हणाली, "मला वाटलं, चार फोड येतील. लहानपनी डोळे सुजले, दोन दिसांत गेलेच की. शालूसाठी दोन दिस काय जड व्हते?"

मला तिला म्हणायचं होतं की तू मला तरी सांगायचं होतंस. पण मग तिनं विचारलं असतं, तू तिथं होतास, तुला बिब्ब्याचं माहीत होतं, तू जवळ येऊन का नाही विचारलंस, काय टोचतीस म्हणून? तिनं हे मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या सासऱ्यांकडे मी तीनदा गेलो. पहिल्या वेळी ते रडले. म्हणाले, "उत्तमराव, मला काय पोरगी डांबून ठेवायची हौस हाय? पर पाटाला निघालेली सून परत घेतली तर मला जातीत पानी कोन देईल? आन् लेकरू तुमच्याकडं कसं देऊ? मामाच्या घरी वाढलेल्या पोरीला उद्या बघायला कोन येनार? इथं हाय तर बापाच्या नावानं हाय." दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी मला चहा दिला आणि विषय काढू दिला नाही.

आक्का महिना-दोन महिन्यांनी जायची. घरात जायची नाही, उंबरा तिला बंद होता. शेताच्या बांधावर बसायची, आणि जाऊबाई शालूला घेऊन यायच्या. बाई मनानं चांगली होती. पहिल्या वेळी शालू धावत आली आणि हात बघून थबकली. आक्कानं हात पदराखाली घेतला, तरी पोरगी जवळ येईना. काकूच्या लुगड्याला धरून उभी राहिली. दुसऱ्या वेळी आक्कानं हाताला कापड गुंडाळून नेलं. कापडाचं पोरीला आणखीच भय वाटलं.

सन अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं त्या गावातली बरीच घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. आक्काचे सासरेही गेले, शालूला घेऊन. आम्ही गेलो नाही. चार-पाच महिने काही कळलं नाही. भादव्यात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, लोक परत आले. गावोगाव झेंडे लागले. आमच्या गावात साखर वाटली. आक्कानं डाव्या हातात साखर घेतली आणि मला विचारलं, "तिकडचे आले असतील का आता?"

दिवाळीच्या आधी मी तिला गाडीतून घेऊन गेलो. जाऊबाई बांधावर आल्या, शालू बरोबर होती. सात वर्षांची झाली होती, उंच. तिला आता हाताची भीती वाटली नाही. तिनं हात नीट पाहिला, मग आक्काच्या तोंडाकडं पाहिलं आणि काकूला विचारलं, "आय, ह्या बाईच्या हाताला काय झालं?"

 जाऊबाई म्हणाल्या, "जा, बकरी कुठं गेली बघ." पोरगी गेली.

"तिकडं नदीपल्याड असताना सगळी लेकरं मला आय म्हनायची, त्यांच्यासंगं हीबी म्हनायला लागली. मी शिकवलं न्हाई गोजर. देवाशपथ."

"बरं झालं," आक्का म्हणाली. "कुनाला तरी म्हनाया पायजे."

"आनखी एक हाय. तिकडंच एक सोयरीक जुळली. मानसं चांगली हायती. मामंजींनी सुपारी फोडली. दोन वर्सांनी वैशाखात करायचं म्हनत्यात." त्या थांबल्या. "लग्नाला तू... म्हंजी लोक इचारतील, ही कोन म्हनून. मग सगळंच सांगावं लागंल. पाटाचं, हाताचं."

"न्हाई येनार मी."

"रागावलीस?"

"राग कशाचा. गाव कोनतं म्हनलीस?"

जाऊबाईंनी गावाचं नाव सांगितलं. उमरखेडच्या पलीकडचं, मी कधी ऐकलं नव्हतं. आक्कानं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. शालू बकरी घेऊन दुसऱ्या बांधानं घराकडं जात होती. आक्का ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली, मग गाडीत येऊन बसली.

अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "ते गाव किती कोस असंल?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"इचारून ठेव."

मी विचारलं. नदीपासून अकरा कोस. मी घरी येऊन तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि भांडी घासायला बसली. ती तिथं कधी गेली नाही, आणि मीही तिला चल म्हणालो नाही.